पडद्यावरचे वर्तुळ लंबगोल का दिसते?

सुरत शहरातून हजिऱ्याकडे जो हमरस्ता जातो, त्यावर इच्छापोर हे ठिकाण लागते. गुजरात हिरा बोर्सने उभारलेले रत्ने व दागिने यांच्या उद्योगाचे संकुल येथेच आहे. हाच हमरस्ता उलट दिशेने धरला, तर तो नवापूर, धुळे, जळगाव अशी गावे घेत थेट नागपूरकडे जातो. या रस्त्याने आणि ताप्ती खोऱ्यातील लोहमार्गाने गेल्या कित्येक पिढ्यांत खानदेशातील असंख्य मराठी कुटुंबे पोटापाण्यासाठी सुरतेस आली आणि तेथलीच होऊन गेली. कोणी मागावर उभा राहिला, कोणी कापड रंगविण्याच्या गिरणीत शिरला, तर कोणी हिऱ्याला पैलू पाडण्याची कला हस्तगत केली. सुरतेत अशा कारागिरास ‘रत्नकलाकार’ या गौरवाच्या नावाने संबोधितात.

अशाच एका घराची कल्पना करावी. वडील इच्छापोरच्या एका कारखान्यात हिऱ्यांना पैलू पाडतात. मुलगा महाविद्यालयात शिकतो आणि फावल्या वेळी संगणकावर खेळ खेळतो. त्याने पैसे साठवून एक जुना मॉनिटर विकत आणला. घरी आणून जोडला, खेळ सुरू केला, आणि पाहतो तो काय? गाडीचे चाक अंड्यासारखे झाले आहे, माणसे आखूड व स्थूल दिसत आहेत, आणि कोपऱ्यातला गोल नकाशा बसका झाला आहे. त्याने सेटिंग बदलून पाहिले, तो दोन्ही बाजूंस काळ्या पट्ट्या उमटल्या. आणखी काही बदलले, तो पडदा पार काळा झाला. शेजारच्या जाणकाराने सल्ला दिला, “हा मॉनिटरच बाद आहे. नवा घे.” हिऱ्याच्या धंद्यातील अलीकडची मंदीची वर्षे ज्या घराने सोसली आहेत, त्या घरात ‘नवा घे’ हे दोन शब्द किती जड असतात, हे सांगावयास नको.

वास्तविक अशा दहा तक्रारींतील बहुतेकींत मॉनिटर निर्दोष असतो. दोष असतो तो चित्राचा आकार आणि पडद्याचा आकार यांच्या न जुळण्यात, आणि ही जुळणी कोणी करावयाची याविषयीच्या गोंधळात. हा गोंधळ उलगडण्यास पदवी लागत नाही. एक फूटपट्टी, थोडा भागाकार आणि पुष्कळसा धीर एवढ्यावर काम भागते.

प्रथम पडदा म्हणजे काय, हे ध्यानात घेतले पाहिजे. आजचा सपाट मॉनिटर हा असंख्य बारीक ठिपक्यांनी विणलेला असतो. या ठिपक्यांना पिक्सेल म्हणतात. पैठणीच्या विणीत जसे उभे व आडवे धागे मोजून ठेवलेले असतात, तसेच हे ठिपकेही कारखान्यातच मोजून बसविलेले असतात. मागाहून त्यांत एकाचीही भर घालता येत नाही. सर्वसाधारण मॉनिटरवर आडव्या ओळीत १९२० व उभ्या रांगेत १०८० ठिपके असतात, म्हणजे एकूण २०,७३,६०० होतात. यास त्या मॉनिटरचे मूळ रेझोल्यूशन म्हणावयाचे. पूर्वीच्या काचेच्या नळीच्या मॉनिटरचे तसे नव्हते. त्यात इलेक्ट्रॉनांचा झोत पडद्यावर फिरून चित्र रेखीत असे, आणि झोताची चाल बदलली की निरनिराळ्या मापांची चित्रे सारख्याच सहजतेने उमटत. सपाट मॉनिटरला ही मोकळीक नाही. त्यास मूळ मापाहून निराळे चित्र दिले, की ते कोणीतरी ताणून, आकसून किंवा मध्यभागी ठेवून बसवावे लागते.

दुसरी गोष्ट आकाराच्या प्रमाणाची. पडद्याची रुंदी व उंची यांच्या गुणोत्तरास अ‍ॅस्पेक्ट रेशो म्हणतात. १९२० ला १०८० ने भागून संक्षेप केला, की १६:९ असे उत्तर येते. जुन्या दूरचित्रवाणी संचाचे प्रमाण ४:३ असे. हे प्रमाण चित्रपटाच्या जन्माबरोबर आले. एडिसनच्या प्रयोगशाळेत विल्यम डिक्सन याने १८९० नंतरच्या काही वर्षांत ३५ मिलिमीटर रुंदीच्या फितीवर चार छिद्रांइतक्या उंचीची चौकट ठरविली, आणि तीच पुढे जगभर रूढ झाली. दादासाहेब फाळके यांचा १९१३ चा ‘राजा हरिश्चंद्र’ याच घराण्यातला. प्रभातचा १९३६ चा ‘संत तुकाराम’ हाही जवळजवळ त्याच आकाराच्या चौकटीत चित्रित झालेला आहे. पुढे १९५३ मध्ये ‘द रोब’ या चित्रपटाने सिनेमास्कोपचा रुंद पडदा आणला, आणि १९५९ मध्ये गुरुदत्त यांच्या ‘कागज के फूल’ने तो भारतीय प्रेक्षकांस दाखविला. या दोन टोकांमधील तडजोड म्हणून १९८० नंतरच्या दशकात केर्न्स पॉवर्स या अमेरिकन अभियंत्याने १६:९ हे प्रमाण सुचविले. आज घरोघरचे संच व बहुतेक मॉनिटर त्याच प्रमाणाचे आहेत.

आता चौकोनी डब्यात गोल भाकरी ठेवावयाची झाली, तर जागा तरी मोकळी राहील किंवा भाकरीच्या कडा तरी दुमडतील. तिसरा उपाय म्हणजे भाकरीच ओढून चौकोनी करावयाची. चित्राचेही अगदी असेच आहे. ४:३ चे चित्र १६:९ च्या पडद्यावर बसवावयाचे, तर मार्ग तीनच आहेत. पहिला, चित्र मूळ आकारात ठेवून दोन्ही बाजूंस काळ्या पट्ट्या सोडणे. दुसरा, चित्र रुंदीभर मोठे करून त्याचा वरचा व खालचा भाग कापून टाकणे. तिसरा, चित्र आडवे ताणून पडदा भरून काढणे. चौथा मार्ग नाही. जो कोणी ‘पट्टी नको, काप नको आणि ताणही नको’ असे म्हणेल, त्याने गणिताशीच भांडण मांडले असे समजावे.

यांतील ताण किती पडतो, तेही मोजता येते. १६:९ भागिले ४:३ याचे उत्तर पुन्हा चार-तृतीयांश येते. म्हणजे जे वर्तुळ ९ सेंटिमीटर उंच आहे, ते १२ सेंटिमीटर रुंद दिसेल. ‘संत तुकारामा’तील कृश तुकोबा रुंद पडद्यावर कित्येक घरांत अंगाने भरलेले दिसतात, त्याचे कारण एवढेच. याउलट तेच ४:३ चे चित्र, उदाहरणार्थ १२८० बाय ९६० मापाचे, १९२० बाय १०८० च्या मॉनिटरवर प्रमाण राखून मोठे केले, तर ते १४४० बाय १०८० इतके होते, आणि दोन्ही बाजूंस प्रत्येकी २४० ठिपक्यांची काळी पट्टी राहते. ही पट्टी म्हणजे बिघाड नव्हे; चित्र खरे असल्याची ती खूण आहे.

येथवर तत्त्व झाले. आता दोष कोठे आहे, हे कसे शोधावयाचे? चित्राचा आकार बदलण्याची सत्ता तिघांकडे असते: खेळाकडे, संगणकातील ग्राफिक्स कार्डाकडे आणि खुद्द मॉनिटरकडे. तिघेही एकाच वेळी आपापल्या परीने ‘दुरुस्ती’ करू लागले, म्हणजे तीन शिंप्यांनी एकच सदरा आळीपाळीने बेतावा तशी गत होते. म्हणून तिघांस एकदम हात न लावता एकेकाची चौकशी करावी, आणि एका वेळी एकच गोष्ट बदलावी.

चौकशीचे पहिले साधन वर्तुळ. विंडोजमधील पेंट या कार्यक्रमात शिफ्टची कळ दाबून धरून वर्तुळ काढले, की ते नेमके गोल निघते. पडद्यावर फूटपट्टी लावून त्याची रुंदी व उंची मोजावी. दोन्ही सारखी भरली, तर डेस्कटॉपचे सेटिंग योग्य आहे आणि दोष खेळाच्या वेळी शिरतो, असे सिद्ध झाले. ती सारखी भरली नाहीत, तर खेळाला बोल लावण्याचे कारण नाही. मग विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये जाऊन, ज्या रेझोल्यूशनपुढे ‘रेकमेंडेड’ असे लिहिलेले असते, ते निवडावे. बहुधा तेच मॉनिटरचे मूळ माप असते.

दुसरे साधन स्क्रीनशॉट. खेळ चालू असताना चित्राची प्रत काढून ती भ्रमणध्वनीवर पाहावी. ही प्रत ताण पडण्याच्या आधीच्या टप्प्यावर घेतली जाते. तेव्हा प्रतीत चाक गोल आणि पडद्यावर लंबगोल असेल, तर खेळाने चित्र बरोबर काढले आहे व ते पुढे कोठेतरी ताणले गेले आहे. प्रतीतही चाक लंबगोल असेल, तर दोष खेळाच्या अंतर्गत सेटिंगमध्येच आहे. अशा वेळी खेळाच्या व्हिडिओ विभागात अ‍ॅस्पेक्ट रेशो असे निराळे सेटिंग असल्यास ते मॉनिटरच्या प्रमाणाशी जुळवावे.

तिसरे साधन मॉनिटरच्या कडेची बटणे. ती दाबली असता मॉनिटरची स्वतःची यादी उघडते, आणि तीत ‘इन्फर्मेशन’ या मथळ्याखाली मॉनिटरला त्या क्षणी कोणत्या मापाचे चित्र पोचत आहे, ते दिसते. खेळ १२८० बाय ९६० वर चालू आहे आणि मॉनिटरही १२८० बाय ९६० दाखवीत आहे, तर चित्र ताणण्याचे काम मॉनिटर करीत आहे. पण मॉनिटर १९२० बाय १०८० दाखवीत असेल, तर ते काम ग्राफिक्स कार्डाने आधीच उरकले आहे. एवढे कळले की निम्मे कोडे सुटले. आता कोणाची समजूत घालावयाची, ते निश्चित झाले.

ग्राफिक्स कार्डाच्या नियंत्रण-फलकावर यासाठी सोय केलेली असते. एनव्हिडियाच्या फलकावर स्केलिंगचे तीन मुख्य पर्याय येतात. ‘अ‍ॅस्पेक्ट रेशो’ म्हणजे प्रमाण राखून पट्ट्या सोडणे. ‘फुल स्क्रीन’ म्हणजे ताणून पडदा भरणे. ‘नो स्केलिंग’ म्हणजे चित्र आहे त्याच मापात मध्यभागी ठेवणे. त्याच ठिकाणी ‘परफॉर्म स्केलिंग ऑन’ असा प्रश्न असतो आणि उत्तरात ‘जीपीयू’ किंवा ‘डिस्प्ले’ यांपैकी एकाची निवड करावयाची असते. एएमडीच्या कार्यक्रमात ‘जीपीयू स्केलिंग’ चालू केल्यावर हेच तीन पर्याय किंचित निराळ्या नावांनी मिळतात. वर्तुळ गोल हवे असेल, त्याने काम ‘जीपीयू’कडे द्यावे आणि प्रमाण राखण्याचा पर्याय घ्यावा. खेळ स्वतःची मर्जी चालवीत असेल, तर एनव्हिडियाच्या फलकावर खेळांचे सेटिंग बाजूस सारण्यासाठी एक चौकट आहे, तीत खूण करावी.

काम मॉनिटरकडेच ठेवावयाचे असेल, तर त्याच्या यादीत ‘अ‍ॅस्पेक्ट’, ‘फुल’ किंवा ‘१:१’ अशा नावांचे पर्याय शोधावेत. काही मॉनिटरांवर हा विभाग फिकट दिसतो व निवडता येत नाही. अशा वेळी मॉनिटर बिघडला, अशी समजूत करून घेऊ नये. चित्राची गती कार्डाशी जुळवून घेणारी अ‍ॅडॅप्टिव्ह सिंक ही सोय चालू असली, की काही मॉनिटर आकाराचे पर्याय बंद ठेवतात. ती सोय तात्पुरती बंद करून पाहावी.

कित्येकदा उलट तक्रारही येते. खेळाडूस ताणलेलेच चित्र हवे असते आणि त्याच्या वाट्यास पट्ट्या येतात. ‘काउंटर-स्ट्राइक’ या नेमबाजीच्या खेळात पुष्कळ खेळाडू हेतुपूर्वक ४:३ चे चित्र रुंद पडद्यावर ताणून घेतात. प्रतिस्पर्धी रुंद दिसल्याने नेम धरणे सोपे जाते, अशी त्यांची धारणा आहे. मात्र त्याची किंमत मोजावी लागते. या खेळात १६:९ च्या चित्रात खेळाडूस आडवा सुमारे १०६ अंशांचा देखावा दिसतो, तर ४:३ मध्ये तो ९० अंशांवर येतो. म्हणजे दोन्ही बाजूंचा मिळून सुमारे १६ अंशांचा प्रदेश दृष्टीआड होतो, आणि तेथे उभा असलेला प्रतिस्पर्धी ताणलेलाही दिसत नाही आणि न ताणलेलाही दिसत नाही! शिवाय रुंद झालेले चित्र आडव्या दिशेने धावतेही अधिक वेगाने. ज्यास हे सारे समजून ताण हवा आहे, त्याने कार्डाच्या फलकावर ‘फुल स्क्रीन’ हा पर्याय निवडावा आणि खेळही खऱ्या फुलस्क्रीन पद्धतीने चालवावा. खिडकी पडदाभर पसरून खेळविण्याची जी दुसरी पद्धत असते, तीत सामान्यतः डेस्कटॉपचेच रेझोल्यूशन लागू राहते, आणि मग कार्डावरील सेटिंग कितीही बदलले तरी चित्र ढिम्म हलत नाही.

जुने मॉनिटर विकत घेणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट पारखून घ्यावी. कचेऱ्यांतून निघालेले १७ इंची मॉनिटर बहुधा १२८० बाय १०२४ मापाचे असतात. पाहणाऱ्यास ते ४:३ चे वाटतात. पण भागाकार केला तर प्रमाण ५:४ येते. अशा पडद्याची दृश्य रुंदी सुमारे ३४ व उंची २७ सेंटिमीटर भरते. त्यावर १०२४ बाय ७६८ चे चित्र ताणून बसविले, तर माणसे शेकडा सहा-सातच्या प्रमाणात उभट दिसतात. हा फरक इतका थोडा असतो, की काहीतरी चुकते आहे एवढेच जाणवते, पण काय ते सांगता येत नाही. तसेच, पुष्कळ जुन्या संचांवर १३६६ बाय ७६८ हे माप असते. ते १६:९ च्या अगदी निकटचे असले, तरी तंतोतंत तेच नव्हे. व्हीजीए जोडतारेने जोडल्यास असे मॉनिटर कधी कधी १३६० बाय ७६८ अशी समजूत करून घेतात आणि अक्षरे पुसट होतात. अशा वेळी मॉनिटरवरील ‘ऑटो’ हे बटण दाबून पाहावे. शक्य असेल तर डिजिटल जोडतार वापरावी.

मॉनिटरऐवजी दूरचित्रवाणी संच जोडला, तर निराळाच अनुभव येतो. चित्राच्या चारही कडा थोड्या थोड्या कापल्या जातात आणि तळाची पट्टी दिसेनाशी होते. नळीच्या संचांच्या काळात कडांवरचा ओबडधोबडपणा झाकण्यासाठी चित्र चौकटीबाहेर थोडे पसरवीत असत. ती जुनी रीत कित्येक सपाट संचांनी उगीचच सांभाळून ठेवली आहे. संचाच्या चित्र-विभागात ‘जस्ट स्कॅन’, ‘स्क्रीन फिट’ अशा नावाचा पर्याय असतो. तो निवडला, की कडा परत येतात.

आता सर्वांत नाजूक विषय, तो कस्टम रेझोल्यूशनचा. यादीत नसलेले माप स्वतः रचून घेण्याची ही सोय आहे. यादी येते कोठून? प्रत्येक मॉनिटरमध्ये एक छोटीशी ओळखपत्रिका साठविलेली असते. तिला ईडीआयडी म्हणतात. तिचा मूळ भाग अवघ्या १२८ बाइटांचा असतो. आपले मूळ माप काय, चित्र सेकंदाला किती वेळा बदलता येईल, या गोष्टी मॉनिटर तिच्याद्वारे संगणकास सांगतो. जोडतार खराब असली किंवा मध्येच एखादा स्वस्त अ‍ॅडॅप्टर लावलेला असला, तर ही पत्रिका नीट पोचत नाही आणि यादी अपुरी दिसते. म्हणून हवे ते माप यादीत दिसत नसेल, तर ते रचण्याच्या आधी जोडतार बदलून पाहावी. ज्या कामास एक जोडतार पुरते, त्यासाठी नवी रचना मांडण्याचे कारण नाही.

जोडतारेलाही मर्यादा असते, आणि तीही हिशेबाची बाब आहे. १९२० बाय १०८० चे चित्र सेकंदाला ६० वेळा पाठवावयाचे, तर दिसणारे ठिपकेच सेकंदाला १२,४४,१६,००० होतात. शिवाय प्रत्येक ओळीनंतर व प्रत्येक चित्रानंतर काही क्षण रिकामे सोडावे लागतात. तेही हिशेबात धरले, तर दूरचित्रवाणीच्या प्रमाणित पद्धतीत हा आकडा १४,८५,००,००० वर जातो. जुन्या एकेरी डीव्हीआय जोडणीची मर्यादा सेकंदाला साडेसोळा कोटींची. म्हणून हे चित्र तीतून जाते. एचडीएमआयच्या १.४ या आवृत्तीची मर्यादा ३४ कोटींची. परंतु २५६० बाय १४४० चे चित्र सेकंदाला १४४ वेळा मागितले, तर दिसणारे ठिपकेच ५३ कोटींहून अधिक होतात. बादलीत घागरभर पाणी मावत नाही, त्यात बादलीचा काय अपराध? अशा वेळी मॉनिटर ‘आउट ऑफ रेंज’ असे लिहितो किंवा काळा पडतो. तेथे सेटिंगशी झुंजत न बसता डिस्प्लेपोर्टची जोडणी वापरावी किंवा गतीची मागणी कमी करावी.

एवढे करूनही माप रचावयाचेच असेल, तर क्रम असा ठेवावा. प्रथम मापाचा भागाकार करून ते पडद्याच्या प्रमाणात बसते की नाही, ते पाहावे. मग गती ६० वर ठेवूनच माप रचावे. रिकाम्या क्षणांची मोजणी, जिला टायमिंग म्हणतात, ती प्रथम ‘ऑटोमॅटिक’ ठेवावी. जोडतारेवर भार अधिक होत असेल, तर ‘सीव्हीटी रिड्यूस्ड ब्लँक’ या नावाची पद्धत घ्यावी. तीत रिकामे क्षण कमी असतात. उदाहरणार्थ, वरील १९२० बाय १०८० चा आकडा तीत पावणेचौदा-चौदा कोटींच्या दरम्यान येतो. चित्र स्थिर आले, म्हणजे मग गती एकेक पायरीने वाढवावी. मॉनिटरच्या घोषित गतीपलीकडे जाणे हा जुगार आहे. मॉनिटर कधी कधी वरकरणी ती गती स्वीकारतो आणि आतल्या आत काही चित्रे गाळतो. तसे झाले, तर आकडा वाढतो, पण खेळ सुधारत नाही.

पडदा काळा पडला, तर घाबरून वीज बंद करू नये. विंडोजमध्ये नवे सेटिंग १५ सेकंदांत मान्य केले नाही, तर जुने आपोआप परत येते. तेवढा वेळ हात आवरून बसणे, हाच उपाय. तरीही चित्र आले नाही, तर दुसरा मॉनिटर किंवा घरचा दूरचित्रवाणी संच जोडावा. सेटिंग त्या त्या पडद्यापुरते असल्याने तेथे बहुधा चित्र दिसते, आणि मग चुकीचे माप पुसून टाकता येते. तेही न जमल्यास संगणक सेफ मोडमध्ये सुरू करावा. प्रत्येक बदल करण्याआधी जुने आकडे वहीत टिपून ठेवण्याची सवय ज्यास आहे, त्यास परत येण्याची वाट नेहमीच मोकळी असते.

चित्र प्रमाणात आले, पण पुसट दिसते, अशीही तक्रार असते. तिचे मूळ अपूर्णांकात आहे. १२८० बाय ७२० चे चित्र १९२० बाय १०८० वर बसविले, तर चित्रातील एका ठिपक्यास पडद्यावरचे आडवे दीड व उभे दीड ठिपके मिळतात. अर्धा ठिपका वाटता येत नसल्याने रंगांची सरमिसळ होते. याउलट १९२० बाय १०८० चे चित्र ३८४० बाय २१६० च्या पडद्यावर नेले, तर एका ठिपक्यास बरोबर दोन आडवे व दोन उभे, असे चार ठिपके मिळतात. पूर्ण पटीने मोठे करण्याची ही ‘इंटिजर स्केलिंग’ पद्धत इंटेल व एनव्हिडिया यांनी २०१९ मध्ये आपल्या कार्डांसाठी उपलब्ध केली. जुन्या खेळांच्या रेखीव चित्रांस ती विशेष मानवते.

आता पुन्हा इच्छापोरच्या त्या घराकडे वळावे. मुलाने पेंटमध्ये वर्तुळ काढले. ते गोल भरले. म्हणजे डेस्कटॉप निर्दोष. खेळाचा स्क्रीनशॉट पाहिला; त्यातही चाक गोल. म्हणजे खेळ निर्दोष. मॉनिटरची माहिती उघडली. तेथे १२८० बाय ९६० हा आकडा दिसला. म्हणजे ताणत होता तो मॉनिटर. मुलाने खेळात १९२० बाय १०८० हे मूळ माप निवडले, कार्डावर प्रमाण राखण्याचा पर्याय ठेवला, आणि चाक गोल झाले. खर्च काही झाला नाही.

अशा घरात एक गोष्ट हमखास घडावयाची. मुलगा फूटपट्टी शोधीत असतानाच मागून वडील म्हणावयाचे, “अरे, हे आडवं जास्त आहे.” गोल हिऱ्याच्या प्रमाणपत्रावर त्याचा सर्वांत कमी व सर्वांत अधिक असे दोन्ही व्यास मिलिमीटरच्या शंभराव्या भागापर्यंत लिहिलेले असतात, आणि ते एकमेकांच्या जितके जवळ, तितका हिरा अधिक गोल. ज्याने आयुष्यभर अशा गोलाईवर नजर ठेवली, त्यास पडद्यावरचा ताण कळावयास उपकरण लागत नाही. हिऱ्याच्या कारखान्यातही आता कच्च्या हिऱ्याची आखणी संगणकाच्या पडद्यावर होते. तेथे मापे यंत्र स्वतंत्रपणे आकड्यांत घेते, त्यामुळे पडद्यावरील ताणाने हिरा बिघडत नाही. परंतु पाहणाऱ्याची नजर फसू शकते. म्हणून घर असो वा कारखाना, पडदा नवा जोडला की प्रथम त्यावर एक वर्तुळ काढून मोजावे, आणि मगच त्यावर दिसेल त्यावर विश्वास ठेवावा. मॉनिटर टाकून देण्याचा विचार त्यानंतर करावयाचा. बहुधा तो करण्याची पाळी येत नाही.